पाच प्रती, सविनय सादर

"पोस्टकार्डं टाकली असती ना, तर एव्हाना पोस्टमन घरोघरी पाणी पिऊन परत आला असता," शंभूकाका म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला. चष्मा अजिबात खराब नव्हता. टोमणा मारला की चष्मा पुसायचा, ही त्यांची पद्धत आहे.

प्रज्ञेशदादाचं डोकं टेबलाखाली होतं. टेबलाखालून फक्त त्याचे पाय आणि एक लांब उसासा बाहेर आला.

मे महिन्यातला शनिवार होता. दुसऱ्या दिवशी हडपसरच्या एका आयटी पार्कात आमच्या मंडळाचा नोकरी मेळावा होता. मंडळ म्हणजे बिबवेवाडीत आमच्या विहाराशेजारच्या खोलीत दर रविवारी भरणारी माणसं. अध्यक्ष माझे आजोबा, रावसाहेब. सरकारी कचेरीत उभा जन्म गेला त्यांचा. खजिनदार शंभूकाका, आजोबांचे मित्र आणि मंडळातला एकुलता एक विरोधी पक्ष. आजपर्यंत मंडळाचा प्रत्येक निरोप पोस्टकार्डानंच गेला होता. या वर्षी आजोबा बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, "मुलांना नोकऱ्या मिळवून द्यायच्या संगणकाच्या, आणि बोलवायचं पोस्टकार्डानं? लोक हसतील आपल्याला." शंभूकाकांनी एकट्यानं विरोध केला. तो इतिवृत्तात लिहूनसुद्धा घेतला.

तर पत्रं ईमेलनं जाणार होती. हजारावर मुलंमुली. कुणाची मुलाखत कुठल्या कंपनीत आणि किती वाजता, हे पत्रात होतं, आणि खाली ठळक अक्षरांत आजोबांचं वाक्य होतं: 'ज्याचे नाव छापील पत्रात आहे त्यासच प्रवेश दिला जाईल.' कंपन्यांनी वेळा कळवल्या त्याच मुळी शुक्रवारी संध्याकाळी. म्हणजे पत्र शनिवारीच पोचायला हवं होतं, तेही सायबर कॅफेंची शटरं पडायच्या आत, नाहीतर मुलं ते छापून कुठून घेणार? पत्रं पोचली नाहीत तर उद्या कंपन्यांचे साहेबलोक टाय लावून रिकाम्या खुर्च्या बघत बसणार. आणि शंभूकाका चष्मा पुसणार. आणि आजोबा… त्याच्यापुढचं मला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं.

पत्रं जाणार होती दादाच्या ऑफिसातून. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. तो दुकानदारांना वेबसाइटी करून देतो आणि त्यासाठी त्यानं स्वतःचा सर्व्हर ठेवलाय. सर्व्हर म्हणजे मला आधी केवढं तरी वाटायचं! प्रत्यक्षात तो झाकण नसलेला पिवळट डबा आहे. ऑफिस पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत आहे, त्यामुळे दुपारपर्यंत डब्यावर, दादाच्या भुवयांवर आणि आल्यागेल्या प्रत्येकावर पांढरी पावडर बसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रोज तिथं पडीक असते. मी दहावीत जाणार म्हणून आईनं अभ्यासाची पुस्तकं बरोबर दिली आहेत. त्यांच्यावर पण पावडर बसते.

सकाळी दादानं बटण दाबलं तेव्हा पत्रं अशी सुटली, की आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर नावं भराभर वर सरकत होती. मग जरा हळू. मग आणखी हळू. मग एक नाव आलं आणि तिथंच बसलं, सुट्टीत आलेल्या पाहुण्यासारखं. जायचं नावच काढेना.

"पीठ गेलंय आत," दादा म्हणाला. आम्ही ब्लोअर लावून सगळा डबा स्वच्छ केला. खोलीत धुकं पसरलं. आम्ही तिघं भुतासारखे दिसायला लागलो. पत्रं जागची हलली नाहीत.

"केबल सैल झालीय," दादा म्हणाला. केबल बदलली. काही नाही.

"लाइनच स्लो आहे!" दादा म्हणाला आणि त्यानं ब्रॉडबँडवाल्याला फोन लावून तो स्पीकरवर टाकला. तिकडून थंडगार आवाज आला, "सर, हमारी तरफ से सब ओके है."

"त्यांच्याकडून ओके, आपल्याकडून ओके," शंभूकाका म्हणाले. "मग अडलंय कुठं? कात्रजच्या घाटात?"

तेवढ्यात माझा, म्हणजे दादाचा, मोबाइल वाजला. अपेक्षाताईचा चौथा का पाचवा फोन. अपेक्षाताई आमच्या मागच्या गल्लीत राहते. तिचे वडील यवतमाळहून इथल्या कारखान्यात आले. ती त्यांच्या घरातली पहिली पदवीधर आणि उद्याची तिची आयुष्यातली पहिली मुलाखत. सकाळपासून ती कोथरूडच्या एका सायबर कॅफेत ठाण मांडून बसली होती. तिथं तिची मैत्रीण काम करते, म्हणून कोणी उठवत नव्हतं.

"जय भीम. पूर्वा, काहून नाही आलं गं अजून?"

"जय भीम ताई. येतंय, येतंय. वाटेत आहे."

"बसनं येऊन राहिलंय का? आणि मला एक सांग, त्या मनीषाला आलं, तर मला का नाही? नाव तर मी तिच्याआधी दिलं होतं."

"तिला आलं?"

"हो ना! मघाशीच आलं. तिचा पत्ता कॉलेजातला आहे, प्रोजेक्टवाल्या सरांनी दिलेला. माझा आपला साधा, फुकटवाला."

मी फोन कानाला तसाच लावून उभी राहिले. डोक्यात काहीतरी टिक झालं. आता हे सांगायला हवं, की गेल्या वर्षीपर्यंत वर्गात माझा आवाज हजेरीपुरताच निघायचा. मग दिवाळीनंतर वक्तृत्व स्पर्धेत आयत्या वेळी माझं नाव पुढे ढकललं गेलं, मी नाइलाजानं स्टेजवर गेले आणि ढाल घेऊन खाली उतरले. तेव्हापासून मला कोणी गप्प बसवू शकलेलं नाही.

"दादा! सगळ्यांचंच अडलंय, की काही जणांचंच?"

"सगळ्यांचंच गं. रांग बघ ना केवढी झालीय."

"तू रांग बघितलीस. रांगेत कोण आहे ते बघितलंस का?"

दादा टेबलाखालून बाहेर आला. येताना त्याचं डोकं टेबलाला आपटलं. बहुतेक बरंच झालं. आम्ही दोन नव्या मेल लिहिल्या. दोन्हीत मी फक्त 'हाय' लिहिलं. एक पाठवली माझ्या शाळेच्या पत्त्यावर, दुसरी माझ्या स्वतःच्या, त्याच फुकटवाल्या कंपनीतल्या. शाळेची मेल डोळ्याचं पातं लवायच्या आत गेली. माझी 'हाय' रांगेत जाऊन शहाण्या मुलीसारखी उभी राहिली.

"म्हणजे पीठ नाही, केबल नाही, लाइन नाही!" मी ओरडले. "ती फुकटवाली कंपनीच आपल्याला दारात उभं करत नाहीये!"

"आणि निम्म्याहून जास्त मुलांचे पत्ते तिथलेच आहेत," दादा म्हणाला. त्यानं लॉग उघडला. सर्व्हर काम करताना सतत स्वतःशी बडबडत असतो. याला पत्र दिलं, त्यानं घेतलं, याच्याकडे गेलो, तो नाही म्हणाला. ती सगळी बडबड जिथं उतरते तो लॉग. दादा म्हणतो वाचायला कंटाळवाणा असतो. मला तर मजा येते. दुसऱ्याच्या भिंतीला कान लावल्यासारखं वाटतं.

फुकटवाल्या कंपनीचं उत्तर प्रत्येक ओळीत तेच होतं. ते इंग्रजीत होतं, पण त्याचा सूर अस्सल सदाशिव पेठेतला होता: तुमच्याकडून फारच पत्रं येत आहेत. थोड्या वेळानं या.

"फारच?" दादा भडकला. "हजार पत्रं फार झाली? रोज कोट्यवधी घेतात हे लोक!"

मी मात्र नावं वाचत होते. मोठ्यानं, बाई हजेरी घेतात तशी. "रावसाहेब. रावसाहेब. शंभू. रावसाहेब. शंभू. रावसाहेब. दादा, मुलं कुठायत?"

"काय?"

"या यादीत मुलं कुठायत? एक मुलगा येतो, मग आजोबा, उपाध्यक्ष, कार्यवाह, शंभूकाका आणि मंडळाचा पत्ता. मग दुसरी मुलगी, आणि परत हेच पाच! बाईंनी हजेरीत सारखी आमच्याच बाकाची नावं घेतल्यासारखं."

दादाचा चेहरा पिठाखाली आणखी पांढरा झाला. "अरे देवा. प्रती."

मग उलगडा झाला. आजोबांनी पत्राचा मजकूर सांगितला आणि दादानं टाइप केला. आजोबांचं कुठलंही पत्र सहीपाशी संपत नाही. सहीच्या खाली असतं, 'प्रत माहितीसाठी सविनय सादर', आणि त्याखाली नावांसकट एक, अध्यक्ष, दोन, उपाध्यक्ष, तीन, कार्यवाह, चार, खजिनदार, पाच, कार्यालयीन संचिका, म्हणजे ऑफिसची फाइल. मला वाढदिवसाला त्यांनी शुभेच्छापत्र दिलं होतं, त्याची प्रत आई-बाबांना सादर केली होती. आणि आज्ञाधारक दादानं प्रत्येक मुलाच्या पत्राबरोबर या पाच जणांना खरोखर प्रत जाईल अशी सोय करून ठेवली होती.

"म्हणजे हजाराची झाली सहा हजार," मी म्हटलं, "आणि त्यातली पाच हजार आपल्याच पाच घरी! सगळे मेलबॉक्स त्याच फुकटवाल्या कंपनीत! तिला वाटलं असेल, हे कोण वेडे लोक सकाळपासून एकाच दाराची बेल वाजवतायत!"

"आणि हे बघ," दादानं बोट ठेवलं. "या एका पत्त्याकडून तर आता प्रत्येक पत्र परत येतंय. मेलबॉक्स भरला. मेलबॉक्स भरला. मेलबॉक्स भरला."

"कोण आहे तो गाढव?" शंभूकाकांनी विचारलं.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"अरे बोला ना."

"तुम्ही, काका."

"मी? मला कुठाय मेलबॉक्स?"

"आजोबांनी उघडून दिला होता ना दोन वर्षांपूर्वी."

शंभूकाकांनी चष्मा काढला. पुसला मात्र नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

मला इतकं हसू आलं, की मी खुर्चीवरून जवळजवळ घसरले. पोस्टकार्डवाल्या शंभूकाकांनी ईमेलची वाट अडवली होती, तीही न कळत, घरबसल्या! पण हसणं संपलं आणि लक्षात आलं, की आता हे आजोबांना सांगायला हवं.

"मी नाही सांगणार," दादा म्हणाला. सत्तावीस वर्षांचा बाप्या! "तू लाडकी आहेस."

आजोबा बाहेर गॅलरीत बसून खुर्च्यांना लावायच्या चिठ्ठ्या लिहीत होते. त्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे. सकाळपासून त्यांनी आत येऊन एकदाही विचारलं नव्हतं. पण पेन उघडून तसंच धरलं होतं आणि टोकाशी शाई सुकली होती.

"आजोबा, कळलं काय झालंय ते."

"बोल."

मी सगळं सांगितलं. भराभरा, स्टेजवरच्यासारखं. शेवटी म्हटलं, "म्हणून प्रती काढून टाकायला हव्यात."

"नाही," आजोबा म्हणाले.

"आजोबा, पण मुलं…"

"बस इथं." मी बसले. "मी नोकरीला लागलो तेव्हा आपल्या माणसाचा अर्ज कचेरीत पोचला, तरी पोचत नसे. 'अर्ज मिळाला नाही,' एवढं म्हटलं की झालं. माझ्या टेबलावरून गेलेला कागद पुढच्या टेबलावर हरवायचा. मग मी पाच जणांना प्रत द्यायला लागलो. एक कागद हरवता येतो, पूर्वा. पाच कागद हरवता येत नाहीत. हसायचे मला. पण माझ्या हातून गेलेला एकही अर्ज नंतर 'मिळाला नाही' झाला नाही."

मला हे माहीतच नव्हतं. मी पण हसायचे की त्या प्रतींना. एक क्षणभर माझा आवाज परत हजेरीपुरता झाला. मग मला लॉग आठवला.

"आजोबा, आत या. एक गंमत दाखवते. याच ना!"

मी त्यांना हाताला धरून पडद्यासमोर आणलं आणि मनीषाच्या पत्राची ओळ दाखवली. "हे बघा. आपल्या सर्व्हरनं पत्र दिलं. आणि इथं समोरच्या सर्व्हरनं काय म्हटलंय? ओके, मिळालं. आणि पुढे हा आकडा."

आजोबा वाकले. चष्मा कपाळावर सरकवून अगदी नाक लावून बघितलं. "हा आकडा कुणी दिला? आपण?"

"नाही! समोरच्यानं. घेतलं की तो नंबर देतो. तो आपल्याकडे राहतो, वेळेसकट."

"म्हणजे आवक क्रमांक?"

"तोच!"

"प्रत्येक पत्राला?"

"प्रत्येक!"

"न मागता?"

"न मागता, आजोबा! शिपायाला चहा न पाजता!"

आजोबा सरळ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी माझ्या ढालीच्या दिवशीही बघितलं नव्हतं. "काय व्यवस्था आहे," ते हळूच म्हणाले. मग एकदम मोठ्यानं, "प्रज्ञेश! बघतोस काय? काढ त्या प्रती! आणि पत्रातूनही ती यादी खोड. जी प्रत जाणार नाही ती सादर केली म्हणणं म्हणजे खोटं."

मग काय धमाल! दादानं रांगेतल्या सगळ्या अडलेल्या प्रती काढून टाकल्या. रांग एकदम बारीक झाली. यादी खोडून मुलांची पत्रं नव्यानं लावली. कॉलेजांचे आणि दुसऱ्या कंपन्यांचे पत्ते असलेली पत्रं आधी सोडली, ती सुळकन गेली. फुकटवालीकडची सगळी एकदम सोडायला दादा बटणावर बोट ठेवून तयार होता, तेव्हा मी त्याचा हात धरला.

"ती 'थोड्या वेळानं या' म्हणतेय ना? मग थोड्या वेळानं जाऊ. आणि झुंडीनं नको. पाच-पाच जणं, मध्ये श्वास घेऊन."

"शहाणी झालीस."

"झालेच आहे."

थांबायचा वेळ म्हणजे काय असतो! खालून गिरणीवाल्या काकूंनी चहा पाठवला. आजोबा येरझाऱ्या घालत होते. शंभूकाका दुसऱ्या कंप्यूटरवर माझ्याकडून आपला मेलबॉक्स उघडून घेत होते.

"हे सगळं मला आलंय?" ते म्हणाले. "पहिलीच प्रत बघ. उद्या सकाळी मुलाखतीला हजर राहावे. कॉल सेंटरमध्ये. माझं वय काय, यांचं काय!"

"ती अपेक्षाताईच्या पत्राची प्रत आहे, काका. तिचं पत्र रांगेत अडकलं आणि तुमची प्रत मात्र मेलबॉक्स भरायच्या आधी पोचली."

"मग मला छापून दे. कागद हातात आल्याशिवाय मी मानत नाही." दादाच्या खडखडाट करणाऱ्या प्रिंटरवर मी ती छापली. काकांनी ती घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून थोपटली.

मग दादानं पहिली पाच पत्रं सोडली. आम्ही सगळे श्वास रोखून पडद्याकडे बघत होतो. ओके. ओके. ओके. ओके. ओके. पाच आवक क्रमांक! आजोबांनी टेबलावर अशी थाप मारली, की पिठाचा ढग उठला. पुढची पाच. पुढची पाच. आणि मोबाइल वाजला. मी नुसतं बटण दाबलं, तर हॅलोसुद्धा म्हणायच्या आधी तिकडून किंचाळी आली. "आऽऽलंऽऽ! पूर्वा, आलं! सकाळचीच वेळ आहे! मी छापून घेते! तुझ्या आजोबांना जय भीम सांग! सगळ्यांना सांग!" आणि मागून कॅफेतल्या कुणीतरी वैतागून 'हळू' म्हटलेलंही ऐकू आलं. अंधार पडायच्या आत रांग रिकामी झाली. माझी 'हाय'सुद्धा मला मिळाली.

खरी गंमत रविवारी झाली.

आयटी पार्काच्या गेटवर ही गर्दी! इस्त्रीचे शर्ट, नव्या ओढण्या, प्रत्येकाच्या हातात कागद. अपेक्षाताई आम्हाला लांबूनच कागद हलवून दाखवत आत पळाली. आजोबा थांबून प्रत्येक कागद डोळे भरून बघत होते. मग आम्ही आत जायला निघालो. आजोबा, उपाध्यक्ष, कार्यवाह, शंभूकाका, आणि हातात चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन मी.

"पत्र दाखवा," सुरक्षारक्षक म्हणाला.

"मी अध्यक्ष आहे," आजोबा म्हणाले.

"असाल हो. पण ज्याचं नाव छापील पत्रात आहे, त्यालाच प्रवेश. सूचना आहे." त्यानं समोर चिकटवलेलं पत्र वाचून दाखवलं. "खाली सही आहे बघा. रावसाहेब."

"ती माझीच आहे!"

"मग तुम्हाला तर माहीतच असेल."

आतल्या साहेबांना फोन लावला, उचलला नाही. नियमाला धरून बोलणारा माणूस भेटला म्हणून आजोबांना आनंद होत होता आणि आपण बाहेर राहिलो म्हणून संतापही येत होता. दोन्ही एकदम. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. "प्रती काढायला तूच सांगितलंस ना?"

मी जमिनीकडे बघितलं.

तेव्हा शंभूकाकांनी शांतपणे शर्टाच्या खिशातून घडी काढली, उलगडली आणि रक्षकापुढे धरली. कालची छापील प्रत. जुनी, यादी खोडण्याआधीची. खाली अगदी स्पष्ट: प्रत माहितीसाठी सविनय सादर. रक्षकानं प्रत्येकाचं ओळखपत्र बघत बोट फिरवलं. "अध्यक्ष, रावसाहेब. बरोबर. उपाध्यक्ष. कार्यवाह. खजिनदार, शंभू." एकेक जण आत गेला. मग बोट पाचव्या नावावर आणि नजर माझ्यावर थांबली. "कार्यालयीन संचिका. म्हणजे ऑफिसची फाइल. आणि ही मुलगी?"

"हीच ती," शंभूकाका म्हणाले. "मंडळाचं सगळं हिच्या डोक्यात असतं. वेगळी फाइल ठेवत नाही आम्ही."

रक्षकानं पिठानं माखलेली माझी पिशवी बघितली, मला बघितलं, आणि हसून बाजूला झाला.

आत पाऊल टाकलं आणि आजोबांनी काठी अशी टेकवली जणू निकाल वाचताहेत. "बघितलंस, शंभू? प्रत हवीच."

"बघितलं," शंभूकाका म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून चांगला पुसला. "पण रावसाहेब, मेलबॉक्स आता रिकामा करून ठेवलाय मी. पुढच्या वर्षी अडवायचं झालं तर विचारून अडवीन."